वकीलपत्रावर अंगठा उठवण्यापूर्वी

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव तेथील भालचंद्र गणपतीमुळे जिल्ह्यात सर्वांस परिचित आहे. बालाघाटाच्या माथ्यावर, मांजरसुंब्याच्या पलीकडे पाटोद्याच्या वाटेवर ते वसले आहे. तेथून बीडचे न्यायालय म्हणजे घाट उतरून करावयाची एस. टी.ची एक फेरी. अंतर फार नाही. परंतु नवऱ्याने टाकलेल्या किंवा जाच असह्य होऊन माहेरी परतलेल्या मुलीला ती फेरी करावयास कित्येकदा वर्षे लागतात. आधी भावकीची बैठक होते, मग सासरच्या गावचे चार प्रतिष्ठित येऊन जातात, मग ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून आणखी एक हंगाम निघून जातो. अखेरीस ती न्यायालयाच्या आवारात येते तेव्हा तिच्यासोबत वडील असतात किंवा चुलते असतात, आणि वकील आधीच ठरलेला असतो. चुलत्यांच्या बांधाच्या दाव्यात तो उभा राहिला होता, एवढीच त्याची ओळख. छापील वकीलपत्र पुढे येते आणि बोट दाखवले जाईल तेथे ती सही करते किंवा अंगठा उठवते.

त्या कागदावर काय लिहिले आहे हे तिला कोणी वाचून दाखवीत नाही. वकीलपत्राच्या नेहमीच्या छापील नमुन्यात वकिलाने न्यायालयात उभे राहावे एवढाच अधिकार दिलेला नसतो. तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, न्यायालयात जमा झालेली रक्कम उचलण्याचा अधिकारही बहुधा त्यातच असतो. बांधाच्या दाव्यात ह्या ओळींपायी फार तर चार गुंठे जातील. घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पोटगी ह्यांच्या प्रकरणात मात्र एका बाईचे उरलेले आयुष्य त्या ओळींत सामावलेले असते. वकील कोण असावा हा प्रश्न म्हणूनच घरातील कर्त्या पुरुषाने परस्पर सोडवावयाचा नाही. ज्या बाईचे प्रकरण, तिने तो सोडवला पाहिजे. निदान तिच्या देखत आणि तिला समजेल अशा भाषेत तो सुटला पाहिजे.

ह्याचे कारण उघड आहे. कौटुंबिक वादात वकील निवडणे म्हणजे पुष्कळ अंशी मागणी निवडणे होय. कायद्याने स्त्रीला एकच दार ठेवलेले नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट, तात्पुरती व कायमची पोटगी आणि मुलांचा ताबा मागता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मिळे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली राहत्या घराचा हक्क आणि आर्थिक साहाय्य मागता येते. छळाबद्दल फौजदारी फिर्याद हा आणखी एक मार्ग, आणि तो वेगळाच. ह्यांपैकी कोणते दार आधी ठोठवावे यावर त्या बाईच्या घरी चूल कधी पेटेल हे ठरते. माहेरच्या माणसांच्या मनात संताप असतो, आणि तो स्वाभाविक असतो. त्यांना जावई आधी तुरुंगात गेलेला पाहावयाचा असतो. हा संताप ऐकून घेऊन जो वकील लगेच फिर्यादीचा मसुदा हाती घेतो तो त्यांना आवडतो. जो वकील ‘मुलीजवळ महिन्याला किती पैसे आहेत?’ असे प्रथम विचारतो तो त्यांना मऊ वाटतो. वास्तविक निवड करावयाची तर ह्या दुसऱ्या वकिलाची करावयास हवी. जेथे खरोखर मारहाण आणि जिवाला धोका आहे तेथे फिर्याद अवश्य झाली पाहिजे, तीही विनाविलंब. पण पोटगीचा अर्ज त्या फिर्यादीच्या मागे रांगेत उभा करण्याचे कारण नाही. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत व्हावा असे कायदा २००१ पासून सांगत आहे. महिन्याला ५०० रुपयांची जुनी मर्यादाही त्याच दुरुस्तीने गेली. हे साठ दिवस व्यवहारात साठच राहतात असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या अर्जाची मागणीच केली नाही त्याचे साठ दिवस सुरूही होत नाहीत.

न्यायालयाचा वेळ कसा जातो याचे मराठी घरातीलच उदाहरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पुण्याच्या न्यायालयात १९६२ मध्ये दाखल झालेला दास्ताने खटला सर्वोच्च न्यायालयात १९७५ मध्ये संपला. क्रूरता म्हणजे काय आणि ती कितपत पुराव्याने सिद्ध व्हावी याविषयीचे तत्त्व त्यातून देशाला मिळाले आणि आजही त्याचा आधार घेतला जातो. तत्त्व मिळाले हे खरे, पण तेरा वर्षे गेली, आणि शेवटी घटस्फोट मिळाला नाही तो नाहीच. सुशिक्षित, शहरी, साधनसंपन्न कुटुंबाची ही कथा. कोरडवाहू दोन एकरांवर राहणाऱ्या माहेराला तेरा वर्षांची तारीख परवडत नाही. दोघांनाही विवाह नको असेल तर १९७६ पासून परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय आहे, आणि त्यातील सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रसंगी माफ करता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. हा मार्ग वकिलाने पहिल्याच भेटीत समजावून सांगितला पाहिजे. प्रकरण लवकर संपले तर ज्याचे नुकसान आहे असा वकील तो सांगेल की नाही, हा अविश्वास लोकांच्या मनात आहे. आणि तो सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणवत नाही.

पोटगीचा हुकूम हाती आला म्हणजे काम झाले, असा दुसरा समज आहे. बीड जिल्ह्यात तर तो फारच महाग पडतो. हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ असा येथील हिशेब आहे. त्यामुळे नवऱ्याने टाकलेली बाई तोडीच्या कामातूनही अर्धी बाद होते. ती भावासोबत, बापासोबत जाते, किंवा गावातच खुरपणी करीत राहते. नवरा कोणत्या कारखान्याच्या फडात आहे हे समन्स घेऊन निघालेल्या माणसाला कळत नाही. हुकूम कागदावर आणि नवरा फडावर, अशी महिन्यांमागून महिने स्थिती राहते.

येथे कायद्यातील एक ओळ फार महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्या बायकांना ठाऊक असते. पोटगी थकली तर दंडाधिकारी वॉरंट काढू शकतात, आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. परंतु रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. वर्ष उलटले की त्या रकमेपुरते वॉरंटाचे दार बंद होते. मग दिवाणी वसुलीचा लांबचा रस्ता उरतो. कलम १२५ मध्ये ही अट होती, कलम १४४ मध्येही ती कायम आहे. दोन हंगाम तोडीला जाऊन आलेली बाई ‘आता एकदम सगळे मागू’ म्हणून वकिलाकडे येते, तेव्हा पहिल्या वर्षाचे पैसे हातातून निसटत चाललेले असतात. हुकूम झाला त्या दिवशीच ‘दर सहा महिन्यांनी ये, पैसे आले नसतील तर अर्ज टाकू’ एवढे वाक्य बोलणारा वकील आणि न बोलणारा वकील यांच्यात एका वर्षाच्या धान्याचे अंतर आहे. शिवाय नवरा महिनाभर कैदेत जाऊन आला म्हणजे बाकी फिटली, असे सासरची मंडळी गावभर सांगत असतात. ते खोटे आहे. कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे.

वकिलाच्या मेहनतीची खरी कसोटी नवऱ्याचे उत्पन्न सिद्ध करताना लागते. ‘प्रतिवादी दरमहा भरपूर कमावतो’ असे ठोकळेबाज वाक्य अर्जात घालणे सोपे असते. त्याला उत्तर म्हणून ‘प्रतिवादी बेरोजगार आहे’ असे तितकेच ठोकळेबाज वाक्य येते, आणि न्यायाधीश दोहोंच्या मध्ये कोठे तरी एक आकडा लिहितात. सातबारा आणि खातेउतारा कोणालाही काढता येतो. त्यावर पीकपाण्याची नोंद असते, विहिरीची असते, सोसायटीच्या कर्जाचा बोजाही असतो, आणि पुष्कळदा विवाद सुरू झाल्यावर भावाच्या नावे केलेला फेरफारही तेथेच सापडतो. उचल किती घेतली हे मुकादमाच्या वहीत असते. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा ह्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरवून दिले. ते प्रतिज्ञापत्र दोन ओळींत उरकू द्यावयाचे की त्यातील प्रत्येक रकान्याबद्दल विचारणा करावयाची, हे वकिलावर आहे. हे काम वक्तृत्वाचे नाही. तलाठ्याच्या कार्यालयात दोन खेपा घालण्याचे आहे. बाईने वकिलाला विचारावयाचा प्रश्न हाच आहे की, तुम्ही हे उतारे जोडणार काय?

न्यायालयाबाहेरच्या फारकतीविषयी ह्या भागात अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. मुद्रांकावर चार ओळी लिहून, चार साक्षीदारांच्या सह्या घेऊन, कधी नोटरीचा शिक्का मारून ‘फारकत’ केली जाते आणि दोन्ही बाजूंचे लोक मोकळे होऊन घरी जातात. हिंदू विवाह कायद्याने रूढीनुसार होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे हे खरे. पण ती रूढी त्या समाजात खरोखर आहे हे सिद्ध करावे लागते, केवळ कागद लिहिल्याने विवाह मोडत नाही. अशा कागदावर विसंबून पुरुष दुसरे लग्न करतो. मग पहिली बायको कायद्याने बायकोच राहते आणि दुसरी मुळीच बायको ठरत नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा दुसऱ्या स्त्रीला कलम १२५ खाली पोटगी नाकारली होती. पुढे २०१३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातीलच प्रकरणात, पहिले लग्न लपवून फसवणूक झालेल्या स्त्रीपुरती त्या न्यायालयाने ती कठोरता सैल केली. पंचवीस वर्षांच्या ह्या अंतरात किती बायकांनी मुद्रांकावरच्या चार ओळींवर भरवसा ठेवला असेल! असा कागद जो वकील आपल्या टेबलावर लिहवून देतो तो फी घेऊन भावी खटल्याचे बी पेरतो, असेच म्हणावे लागेल.

बालविवाहाचा प्रश्न याला लागूनच येतो. मुलीला एकटे मागे ठेवून तोडीला कसे जावे, ह्या धास्तीपोटी ऊसतोड कुटुंबांत तिचे लग्न लवकर उरकले जाते. ती विसाव्या वर्षाच्या आत माहेरी परतली तर तिच्यासाठी घटस्फोटाची पायरी चढण्याची गरजच नसते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत विवाह रद्द करून मागता येतो आणि पुनर्विवाहापर्यंत निर्वाहखर्चही मिळतो. वय काढण्याची तसदी न घेता सरसकट घटस्फोटाचा छापील मसुदा भरणाऱ्या वकिलाच्या हाती हे प्रकरण गेले की ही मुदत मुकाट्याने संपून जाते. शाळा सोडल्याचा दाखला येथे सर्वांत मोलाचा पुरावा असतो. तो देणारे मुख्याध्यापक गावातच असतात.

मुसलमान भगिनींच्या बाबतीत अनेक वर्षे गोंधळ होता. १९८५ चा शाहबानो निकाल, त्यानंतरचा १९८६ चा कायदा, त्याचा २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लावलेला उदार अर्थ, ही मालिका वाचकांच्या स्मरणात असेल. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने घटस्फोटित मुसलमान स्त्रीलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते असे पुन्हा निःसंदिग्ध सांगितले. ‘तुम्हांला हा कायदा लागू नाही’ असे म्हणून कोणी परत पाठवले तर दुसरा वकील गाठावा, हे उत्तम.

मुलांच्या ताब्याचा प्रश्न तर सौद्याच्या तराजूत घातला जातो. ‘पोटगी सोड, पोरगा तुझ्याकडे राहू दे’ ही बैठकीतील ठरलेली भाषा आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे १९५६ चा कायदा सांगतो, आणि त्यापुढील वयातही मुलाचे हित हेच सर्वोपरी मानले जाते. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईने बैठकीत तो सोडून दिला म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. तडजोडीच्या मसुद्यात ‘यापुढे मुलासाठी काहीही मागणार नाही’ अशी ओळ दिसली की चांगला वकील लेखणी खाली ठेवतो. उलट बाजूही आहे. बापाला मूल भेटूच नये असा हट्ट माहेरची माणसे धरतात, आणि काही वकील त्यांच्या हट्टाला तलवार पुरवतात. त्यात मुलाचे काय भले होते?

आता फीचा प्रश्न. येथे सर्वांत अधिक अज्ञान आहे आणि त्याचा सर्वांत अधिक गैरफायदाही घेतला जातो. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्ता ह्यांविषयीच्या प्रकरणांत स्त्रीपक्षकाराला महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने न्यायालयीन शुल्कातून सूट दिली आहे. कोणी ‘कोर्ट फी’ म्हणून रक्कम मागितली तर ती कशाची, हे विचारावे. मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी ठरवणे वकिलांना व्यवसायाच्या नियमांनी मना आहे. वकील बदलावयाचा असेल तर तो हक्क पक्षकाराचा आहे, आणि फी बाकी आहे म्हणून कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले आहे. मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या कानावर निजामी अमदानीतील उर्दू अदालत होती. नंतर इंग्रजी आली. आता खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरलेली आहे. अर्ज मराठीत लिहा आणि वाचून दाखवा, असा आग्रह लिंबागणेशच्या कोणत्याही बाईने धरावा. त्यात उद्धटपणा नाही.

आणि ज्यांना फी देणेच शक्य नाही त्यांचे काय? १९७६ मध्ये राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा नोव्हेंबर १९९५ मध्ये अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रीला व बालकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बीडच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यावयाचा नाही असा नियम आहे. इतके असूनही त्याच आवारात कर्ज काढून फी भरणाऱ्या बायका दिसतात. ‘फुकटचा वकील काय लढणार’ हे वाक्य त्याच्या मुळाशी आहे, आणि ते केवळ अडाणीपणाचे आहे असे म्हणून सुटका होणार नाही. नेमलेल्या वकिलांना मिळणारे मानधन तुटपुंजे असते, ते वेळेवर हाती पडत नाही, आणि नवशिक्यांकडे ही कामे सोपवली जातात, अशी तक्रार वकीलवर्गातूनच होते. शासनाने हक्क दिला आणि तो हक्क चालवणाऱ्या माणसाला अर्धपोटी ठेवले, तर लोकांनी त्याची किंमत अर्धीच करावी यात नवल कसले?

वकीलच घरे मोडतात, त्यांना ह्या वादांत येऊच देऊ नये, असेही एक मत आहे. ते नवे नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने वकील देणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, गरज पडल्यास न्यायालयाचा मित्र म्हणून विधिज्ञाचे साहाय्य घ्यावे, अशी त्याची कल्पना आहे. कल्पना उदात्त आहे. परंतु एका बाजूला सातबारा, सोसायटी, मुकादम आणि गावकी यांच्याशी रोजचा व्यवहार असलेला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला न्यायालयाची पायरी प्रथमच पाहणारी बाई, अशा दोघांना वकिलाविना समोरासमोर उभे केले तर ती समता दिसण्यापुरतीच राहते. व्यवहारात परवानगीने वकील येतातच, आणि ते इष्ट आहे. रखमाबाईंवर त्यांच्या पतीने १८८४ मध्ये मुंबईत नांदावयास येण्याचा दावा लावला तेव्हा त्यांच्या बाजूने काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखा विद्वान उभा होता. म्हणून एका सुतारकन्येचा नकार मुंबईच्या उच्च न्यायालयाला ऐकावा लागला आणि पुढे साऱ्या देशाला. अलीकडच्या काळात संगमनेरच्या ॲड. निशा शिवूरकर यांनी परित्यक्तांच्या प्रश्नावर चळवळ उभी केली आणि ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक लिहिले. वकिलाची सनद आणि बायकांचे दुःख यांचा संबंध फीपुरताच असला पाहिजे असे थोडेच आहे!

अशी माणसे प्रत्येक तालुक्याला मिळणार नाहीत. पण गावात शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे कारकून आहेत, बीडच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले-मुली आहेत. वकीलपत्र वाचून दाखवणे, शाळेचा दाखला आणि उतारे काढून देणे, थकबाकीच्या महिन्यांचा हिशेब वहीत ठेवणे ह्याला सनद लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाची शिबिरेही गावोगाव होत असतात. मात्र ती टोळ्या निघून गेल्यावर झाली तर ज्यांच्यासाठी भरवावयाची त्या बायका फडावर असतात. शिबिर भरवावयाचे तर ते दसऱ्यापूर्वी भरवावे. लिंबागणेशला तर भाद्रपदात पंचक्रोशीतील बायका देवदर्शनाला येतातच. देवळाच्या बाहेर एक टेबल, एक वकील आणि मागील वर्षीच्या हुकुमांची नोंदवही एवढे असले तरी वसुलीचे अर्ज वर्षाच्या आत दाखल होतील.